गारगोटी ओळखण्यासाठी खनिजसंच: काच आणि भिंग उत्तम, रंगांचा तक्ता दिशाभूल करणारा

संचात काचेची पट्टी, पोलादी टोकणी, चकाकी नसलेली चिनी मातीची फरशी, लोहचुंबक, दहापट भिंग आणि रंगांचा तक्ता आहे. गारगोट्यांपुरतं बोलायचं तर पैसे वसूल होतात ते काच आणि भिंग या दोनच वस्तूंवर.

खनिजांची कठिनता १ ते १० अशी लावणाऱ्या मोह्सच्या मापात काचेची कठिनता सुमारे ५.५, गारगोटीची (क्वार्ट्झची) ७. म्हणजे गारगोटीने काचेवर ओरखडा उठायलाच हवा. पट्टी हातात धरू नका, टेबलावर सपाट ठेवा. झिजून गोल झालेला गोटा काचेवरून नुसता घसरतो आणि अस्सल गारगोटीही नापास होते, म्हणून फुटलेली कड शोधून ती एकदाच, दाबून ओढा. मग ओल्या बोटाने पुसा. पुसली गेली ती भुकटी. नखाला अडते ती खरी चर. टोकणीने दगड खरवडल्यावर उमटणारी करडी, चकचकीत रेघही अशीच फसवते. तो दगडावरचा ओरखडा नसून झिजलेलं पोलाद असतं. पुस्तिकेत यातलं काहीच दिलेलं नाही, ही मोठी उणीव.

फेल्डस्पार या गारगोटीसारख्या दिसणाऱ्या खनिजाची कठिनता ६, त्यामुळे काचेवर तोही चरा पाडतो. इथे भिंग लागतं. फुटलेली जागा उजेडात हळूहळू फिरवा. फेल्डस्पारचे सपाट पृष्ठ आरशासारखे एकदम लखलखतात, पायऱ्या दिसतात. गारगोटीला असे पाटनाचे, म्हणजे ठरावीक दिशेने सपाट फुटण्याचे, पृष्ठ नसतात. ती बाटलीच्या काचेसारखी वक्र, शिंपल्यासारख्या लाटा उमटवत फुटते. भिंग खरंच चांगलं आहे, कडेपर्यंत स्पष्ट दिसतं.

तक्ता मात्र बाजूलाच ठेवा. एकच खनिज, म्हणजे गारगोटी, दुधी दिसतं ते आत अडकलेल्या द्रवाच्या सूक्ष्म थेंबांमुळे, आणि पिवळं-तांबडं बहुधा भेगांत मुरलेल्या लोहाच्या गंजामुळे. रंगावरून निवाडा करायला गेलात की चुकलात.

फरशीवर दगड घासून भुकटीचा रंग बघतात, पण तिचाही इथे उपयोग नाही. गारगोटी तिच्याइतकीच कठीण, त्यामुळे उमटणारी पांढरी रेघ बऱ्याचदा फरशीचीच भुकटी असते.

पांढरा कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) खात्रीने ओळखायला आम्ल लागतं, ते संचात नाही. कॅल्साइटची कठिनता ३ असल्याने टोकणीने तो सहज खरवडला जातो. ती भुकटी व्हिनेगरमध्ये (तेही सौम्य आम्लच) टाका, बारीक बुडबुडे येतील. गारगोटीवर काहीही होत नाही.