निशिगंध, अमॅरिलिस की लिली? घरात मांजर, कुत्रा किंवा लहान पोर असेल तर काय लावावं

उन्हाळा सरता सरता आमच्या इंदूरच्या नर्सऱ्यांत फुटबॉल लिली, रेन लिली, निशिगंध सगळ्यांचे कंद शेजारी शेजारी दिसतात, आणि विचारलं की भैया जहरीले तो नहीं हैं, तर ठरलेलं उत्तर, अरे दीदी कुछ नहीं होता. होतं ना, पण कोणाला होतं ते बघून घ्यायचं.

मांजर असेल तर लिलीवर सरळ काट मारा. म्हणजे बुकेत येते ती एशियाटिक, ओरिएंटल लिली, आणि डे लिली पण. पान चावलं, अंगावर सांडलेला पराग चाटला, अगदी फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी एक ते तीन दिवसांत मांजरीच्या किडन्या फेल होऊ शकतात, आणि मधे उलट्या थांबून ती बरी झाल्यासारखी वाटते, त्याला फसू नका, खाल्ल्याचा संशय आला की लगेच डॉक्टर. कुत्र्याचं मात्र याच लिलीने फार तर पोट बिघडतं.

अमॅरिलिस, फुटबॉल लिली, रेन लिली, सुदर्शन, नर्गिस हे एकाच घराण्यातले. यांच्यात लायकोरीन नावाचं विषारी द्रव्य असतं, सगळ्यात जास्त कंदात. किडनीचा तो प्रकार नाही, पण लाळ, उलट्या, जुलाब, जास्त पोटात गेलं तर बीपी पडणं, थरथर. म्हणून इथे खरी काळजी माती उकरणाऱ्या कुत्र्याची आणि हातात येईल ते तोंडात घालणाऱ्या पोराची. शिवाय कंद दिसतो हुबेहूब कांद्यासारखा, काढलेले कंद किचनमधे कांदे-लसणाच्या टोपलीजवळ ठेवायचे नाहीत म्हणजे नाहीत.

ग्लॅडिओलस धोक्याच्या बाबतीत मधला, कुत्र्या-मांजरांचं पोट बिघडवतो इतकंच.

कळलावी दिसायला कितीही देखणी असो, मी तुलनेतच घेत नाही, तिच्या कंदात कोल्चिसिन हे जहाल विष असतं आणि माणसं दगावलीयत त्याने.

माझं मत निशिगंधाला. विषारी झाडांच्या यादीत त्याला सहसा कोणी धरत नाही, फक्त ऊन भरपूर हवं, नाहीतर नुसती पानंच वाढतात. भडक रंगच पाहिजे असेल तर कर्दळ लावा, तीही कुत्र्या-मांजरांना विषारी नाही, पण गमला मोठा लागतो.

आणि अमॅरिलिसचा मोह सुटतच नसेल तर गमला वर टांगून ठेवा, ग्लव्हज घालून रिपॉटिंग करा आणि सुटलेली पिल्लं, म्हणजे मोठ्या कंदाला फुटलेले छोटे कंद, गॅलरीत पडू न देता त्याच दिवशी लावून टाका.