माईकची दोन मिनिटं की अर्जाची पोच?

आमच्यासारख्या लहान संस्थेला वर्षाला एकच मोठं काम पेलतं. माणसं चार, त्यांतली दोन अर्धवेळ, आणि पैसा मोजका. त्यामुळे जागतिक बँक, आशियाई विकास बँक किंवा आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्याकडे कर्जाचा नाहीतर हवामानाचा प्रश्न न्यायचं ठरलं, की कुठल्या दारातून जायचं हेही ठरवावं लागतं. गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या दोन संस्थांनी मला हेच विचारलं. त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं ते इथे सलग लिहितो.

दारं मुख्यतः दोन. पहिलं बैठकांचं. जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या एप्रिल आणि ऑक्टोबरमधल्या बैठकांच्या वेळी नागरी संघटनांसाठी मंच भरतो, वर्षभर कुठल्या ना कुठल्या धोरणावर सल्लामसलत चालू असते, देशोदेशीच्या संघटना मिळून निवेदनं काढतात. दुसरं तक्रारीचं. जागतिक बँकेचं इन्स्पेक्शन पॅनेल, जागतिक बँक गटातल्या, खासगी क्षेत्राला कर्ज देणाऱ्या आयएफसीसाठी सीएओ हे तक्रार कार्यालय, आणि आशियाई विकास बँकेची व एआयआयबीची (आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँक) आपापली यंत्रणा. बँकेच्या पैशातून चाललेल्या कामामुळे नुकसान होत असेल तर बाधित माणसं तिथे थेट अर्ज करू शकतात. मी दोन्ही दारांतून गेलो आहे. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच. पण आधी पहिल्या दाराची बाजू नीट मांडतो, कारण कर्जाच्या प्रश्नावर आजवर जे मोठं काही हललं ते तिथूनच हललं.

मे १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला जी-८ या बड्या देशांच्या गटाची परिषद होती तेव्हा सुमारे ७० हजार लोकांनी हातात हात घालून शहरात साखळी केली. मागणी एकच होती, गरीब देशांची न फिटणारी कर्जं माफ करा. पुढच्याच वर्षी अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठीची कर्जमाफी योजना वाढवली गेली. अलीकडचं उदाहरण नाणेनिधीच्या अधिभाराचं आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त किंवा जास्त काळ कर्ज घेतलेल्या देशाकडून निधी नेहमीच्या व्याजावर आणखी आकार घेतो. म्हणजे जो देश जास्त अडचणीत, त्यालाच जास्त भुर्दंड. संघटना यावर अनेक वर्षं बोलत राहिल्या, अभ्यास करून आकडे मांडत राहिल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये निधीच्या संचालक मंडळाने व्याज आणि अधिभाराचे नियम बदलले. कर्जदार देशांचे वर्षाला सुमारे १.२ अब्ज डॉलर वाचतील आणि अधिभार भरणारे देश २० वरून १३ वर येतील असा निधीचाच अंदाज होता. अधिभार पूर्ण गेला नाही. पण यामागचं चिकाटीचं काम मी जवळून पाहिलं आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

वादळाच्या कलमाचंही तसंच. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनेडा या छोट्या देशाने २०१५ मध्ये कर्जाची फेररचना करताना करारात अट घालून घेतली, की मोठं चक्रीवादळ आलं तर हप्ते काही काळ थांबतील. २०२४ मध्ये बेरिल वादळाने त्या देशाची बेटं झोडपली तेव्हा ते कलम खरोखर वापरलं गेलं. मधल्या काळात बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली यांनी आणि त्यांच्याबरोबर असंख्य संघटनांनी ही कल्पना लावून धरली, आणि जून २०२३ मध्ये पॅरिसच्या परिषदेत जागतिक बँकेने आपल्या कर्जांतही आपत्तीच्या वेळी हप्ते थांबवण्याची सोय जाहीर केली. अशा गोष्टी एखाद्या गावच्या अर्जाने होत नाहीत. त्यासाठी बैठकाच लागतात.

आता माझा अनुभव. बँकेचं नाव मी घेत नाही, गावाचंही नाही.

हवामानासाठीच्या कर्जातून उभा राहिलेला एक सौर प्रकल्प. त्याच्या कुंपणात एक माळ गेला. कागदोपत्री पडीक, प्रत्यक्षात तीन वाड्यांच्या मेंढ्यांची चराई. सौर ऊर्जेला आमचा विरोध नव्हता, आजही नाही. मेंढपाळांचं म्हणणं एवढंच होतं, की आमच्याशी कुणी बोललं नाही आणि कळप आता जाणार कुठे. आम्ही तीन महिने वाड्यांवर बसून माहिती गोळा केली. कुणाकडे किती मेंढरं, पावसाळ्यात मुक्काम कुठे, पाणवठा कोणता, सगळं. मग मी त्या बँकेच्या वार्षिक बैठकीला गेलो. व्हिसाच्या तारखेसाठी दोन महिने अडकलो, तिकिटाला संस्थेच्या वर्षाच्या प्रवासखर्चाचा मोठा भाग गेला. सत्र दीड तासाचं होतं. बँकेच्या अधिकाऱ्यांची मांडणी पाऊण तास चालली, मग हात वर केलेल्यांना दोन-दोन मिनिटं मिळाली. मी बोललो. समोरचे अधिकारी सभ्य होते, त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, मुद्दा महत्त्वाचा आहे, नोंद घेतली आहे.

सहा महिन्यांनी त्या सल्लामसलतीचा सारांश प्रसिद्ध झाला. त्यात आमच्या तीन महिन्यांची एक ओळ झाली होती. काही सहभागींनी जमिनीच्या वापराबाबत चिंता व्यक्त केली, अशा अर्थाची. ती ओळ मी वाडीवर वाचून दाखवली, मराठीत करून. सगळ्यांत वयस्कर आक्का होत्या, त्यांनी शांतपणे विचारलं, "बिरोबाचा माळ कुठं लिवलाय ह्यात?"

कुठेच लिहिला नव्हता. माळाचं नाव नव्हतं, वाड्यांची नावं नव्हती, मेंढरं हा शब्दही नव्हता. कुणी खोटं लिहिलं नव्हतं. दोनशे जणांचं बोलणं चार पानांत बसवायचं तर असंच होणार. पण तहसील कार्यालयात साधा अर्ज दिला तरी आपण पोच मागतो. शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कुणी खिडकी सोडत नाही, कारण पोच असली की महिन्याभराने जाऊन विचारता येतं. इथे मी सातासमुद्रापार जाऊन बोलून आलो आणि माझ्या हातात पोच नव्हती. ऐकून घेणाऱ्यावर उत्तराचं बंधन नव्हतं. नंतरही मी अनेक सत्रांना ऑनलाइन बसलो, काही उत्तम होती, पण ही खोट मला कुठेच भरून निघालेली दिसली नाही. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल. माझ्यापुरता निर्णय आक्कांच्या त्या प्रश्नावर झाला.

मग आम्ही तक्रार केली. चार पानं, मराठीत. हे अनेकांना माहीत नसतं, म्हणून ठळक सांगतो: इन्स्पेक्शन पॅनेल काय किंवा सीएओ काय, कोणत्याही भाषेतला अर्ज घेतात. वकील लागत नाही, शुल्क नाही. इंग्रजी येणारा माणूस मध्ये नसल्याने अर्जात काय लिहायचं हे वाडीवरच ठरलं. एक तरुण लिहीत होता, बाकीचे दुरुस्त करत होते. सह्या आणि अंगठे घेतले, स्कॅन करून पाठवला. काही दिवसांत पोच आली. नोंदणी झाल्यावर क्रमांक आला, आणि यंत्रणेच्या संकेतस्थळावरच्या यादीत प्रकरण दिसू लागलं. तिथे बिरोबाचा माळ होता.

पुढचं सोपं नव्हतं. सगळ्यांत जास्त वेळ गेला तो पैसा नक्की कुणाचा हे शोधण्यात. बँक एका वित्तसंस्थेला देते, ती कंपनीला देते, आणि कंपनीच्या फलकावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. अर्ज पात्र ठरण्यात महिने गेले. मग दुभाष्यासह दोन माणसं आली, देवळाच्या मंडपात दोन दिवस बसली. मध्यस्थीतून तोडगा निघेपर्यंत बावीस महिने लागले. मधल्या काळात स्थानिक ठेकेदाराच्या दबावाने दोन कुटुंबांनी नावं मागे घेतली. आम्ही सुरुवातीलाच नावं गोपनीय ठेवायला सांगायला हवं होतं, तशी सोय असते. शेवटी माळ परत मिळाला नाही. कुंपणातून कळपाला जाण्यायेण्याची वाट मिळाली आणि पाणवठा मोकळा राहिला. दोन वर्षांच्या कामाला हे थोडंच आहे, मला कबूल आहे. पण त्या वाटेवरून आज कळप जातो.

या दाराबद्दल मला आपुलकी आहे, आणि त्याला आणखी एक कारण आहे. ते आपल्याकडच्या माणसांनी उघडायला लावलं. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे बुडितात येणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. तिथल्या आणि खोऱ्यातल्या लोकांनी नर्मदा बचाओ आंदोलनातून जो आवाज उठवला, त्याने बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आढावा घ्यावा लागला. जून १९९२ मध्ये त्या अहवालाने पुनर्वसन आणि पर्यावरणातल्या त्रुटी स्पष्ट सांगितल्या. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज घेणं थांबवलं, आणि त्याच सप्टेंबरात बँकेच्या मंडळाने इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन करण्याचा ठराव केला. सातपुड्यातल्या माणसांनी मिळवलेला हक्क आज जगभरची गावं वापरतात.

मुंबईनेही तो वापरला. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात सुमारे १ लाख २० हजार लोकांचं स्थलांतर होतं. २००४ मध्ये कुर्ल्यातल्या दुकानदारांनी आणि मग इतर वस्त्यांनी पॅनेलकडे अर्ज केले. तक्रार अशी, की दुकान जाणाऱ्याचं फक्त छप्पर जात नाही, धंदा जातो, आणि पुनर्वसनात त्याचा विचारच नाही. २००५ च्या अखेरीस पॅनेलचा तपास पूर्ण झाला, आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाच्या भागाचा निधी काही महिने रोखला. दुकानदारांच्या अर्जाने एवढ्या मोठ्या कर्जाचा हप्ता अडणं, हे मला आजही मोठं वाटतं.

मात्र या यंत्रणा निकाल देतात, हुकूम देऊ शकत नाहीत. कच्छमधल्या मुंद्र्याचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. टाटांच्या कोळशावरच्या वीज प्रकल्पाला आयएफसीने २००८ मध्ये ४५ कोटी डॉलर कर्ज मंजूर केलं. मच्छीमारांनी २०११ मध्ये सीएओकडे तक्रार केली, २०१३ च्या अहवालात आयएफसीच्या चुका नोंदल्या गेल्या, आणि तरीही किनाऱ्यावर फारसं काही बदललं नाही. मग मच्छीमार अमेरिकेच्या न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध १ मतांनी सांगितलं, की आयएफसीसारख्या संस्थांना सरसकट संरक्षण नाही. तत्त्व जिंकलं, पण पुढे खालच्या न्यायालयांत त्यांचा दावा टिकला नाही. तक्रारीच्या वाटेने जाणाऱ्याने वाडीवर ही गोष्ट पहिल्याच बैठकीत सांगावी. आम्ही सांगितली होती.

आणि तुमचा प्रश्न शुद्ध कर्जाचा असेल, तर माझी आवड बाजूला ठेवा. नाणेनिधीकडे बाधितांची तक्रार घेणारी यंत्रणाच नाही. स्वतंत्र मूल्यमापन कार्यालय २००१ पासून आहे, पण ते धोरणांचा अभ्यास करतं, अर्ज घेत नाही. निधीच्या अटीमुळे अनुदान कापलं गेलं आणि एखाद्या घरातली चूल अडली, तर त्या घराला जायला दार नाही. मला ही सगळ्या व्यवस्थेतली मोठी उणीव वाटते, आणि बैठकांना जाणाऱ्यांनी अधिभाराइतकाच हाही आग्रह धरावा असं वाटतं.

तोवर कर्जाच्या प्रश्नासाठी वॉशिंग्टनपेक्षा दिल्ली जवळ आहे, हेही लक्षात घ्या. निधीत आणि बँकेत भारताचा कार्यकारी संचालक बांगलादेश, भूतान आणि श्रीलंकेच्या वतीनेही बसतो. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जफेड थांबवली, त्यानंतर धनको देशांच्या समितीच्या सहअध्यक्षपदी जपान आणि फ्रान्सबरोबर भारत होता, आणि जून २०२४ मध्ये ५.८ अब्ज डॉलरच्या कर्जाच्या फेररचनेचा करार झाला. एकाच देशाकडे धनको आणि प्रतिनिधी अशा दोन्ही भूमिका. आपल्या खासदाराने यावर लोकसभेत प्रश्न टाकला तर लेखी उत्तर येतं, आणि ते कायमचं नोंदीत राहतं. तीही एक पोचच.

म्हणून मला विचारणाऱ्या दोन संस्थांना मी वेगवेगळी उत्तरं दिली. एकीचा विषय परकीय कर्जाच्या अटी हा होता. त्यांना म्हटलं, एकटे जाऊ नका, आधीच तिथे असलेल्या मोठ्या आघाडीत सामील व्हा, आणि पहिलं वर्ष ऑनलाइन सत्रांवर काढा. दुसरीकडे गाव होतं, कामाची जागा होती, नुकसान झालेली माणसं होती. त्यांना मी अर्जच करा म्हटलं, आणि अर्ज लिहायच्या आधी कर्ज बंद होण्याची, म्हणजे बँकेकडून पैसे येणं संपण्याची, तारीख काढायला सांगितली. इन्स्पेक्शन पॅनेलकडे कर्ज बंद झाल्यावर १५ महिन्यांपर्यंतच जाता येतं. त्यांच्या हातात अजून अकरा महिने आहेत. परवा फोन आला होता, सह्या गोळा करायला सुरुवात केली आहे.