कंट्रोलर जुळवायचा कशाने: बर्फाच्या पाण्याने की दुसऱ्या थर्मामीटरने?

न्यू जर्सीत घरी बिअर करणाऱ्या मित्राचा प्रश्न: "फ्रिजला लावलेला इंकबर्ड (तापमान ठरलेल्या अंशावर राखणारा कंट्रोलर) १९ अंश दाखवतो, थर्मामीटर २१. खरं कोण?" कदाचित दोघंही नाहीत.

खर्चात बर्फ जिंकतो, जवळपास फुकटच. तपासणीचा दाखला असलेला थर्मामीटर महाग पडतो, आणि स्वस्तातला घेतला तर एका खोट्याला दुसऱ्या खोट्याची साक्ष.

मेहनतीत मात्र बर्फ फसवतो. ग्लासभर पाण्यात चार खडे टाकून भागत नाही. पाणी ४ अंशांना सर्वांत जड, म्हणून ते तळाशी जाऊन बसतं. मी पहिल्यांदा प्रोब (तापमान मोजणारं, कंट्रोलरला तारेने जोडलेलं टोक) तळाला टेकवला आणि ३ अंशांचा दोष बिचाऱ्या कंट्रोलरच्या माथी मारला! बर्फ कुटून ग्लास गच्च भरा, फटी बुजतील एवढंच पाणी घाला, प्रोब मधोमध धरून दहा मिनिटं ढवळत राहा. थर्मामीटरचं सोपं: प्रोब आणि थर्मामीटरची टोकं रबरबँडने एकत्र बांधायची, पातेल्यातल्या पाण्यात ढवळायची.

खरी मेख वेगळीच. बर्फ शून्याची खात्री देतो, पण प्रोबमधला थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे विद्युतरोध बदलणारा भाग) शून्याला बरोबर म्हणून १९ लाही बरोबर असेलच असं नाही.

म्हणून बिअर शून्याजवळ नेऊन नितळ करायची असेल तर बर्फ पुरे. एल प्रकारची बिअर १८ ते २० अंशांना आंबवायची असेल तर थर्मामीटर, पण तोही आधी बर्फात बुडवून तपासलेला. मग जो फरक निघेल तो इंकबर्डच्या 'सीए' या सेटिंगमध्ये किंवा एसटीसी-१००० या दुसऱ्या कंट्रोलरच्या 'एफ४'मध्ये भरायचा.