माशांच्या टाकीचं पाणी की द्रवखत?

टाकीतलं पाव पाणी दर आठवड्याला बदलते, ते कुंड्यांना घालू की सरळ द्रवखत आणू, असं मैत्रिणीने विचारलं. मी दोन्ही वापरते, म्हणून लिहितेय.

खर्चात टाकीचं पाणी जिंकतं, ते फुकटच आहे.

पोषणाचं गणित वेगळं. मासे अमोनिया टाकतात, फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. झाडांना हेच हवं असतं. पण लिटरमागे 40 मिलिग्रॅम नायट्रेट असलं, तरी त्यात निव्वळ नायट्रोजन जेमतेम 9 मिलिग्रॅम. पोटॅशही बहुधा कमीच. द्रवखतात नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) तिन्ही मापून मिळतात.

हात जड पडला तर मात्र खतच नडतं: पानांच्या कडा करपतात, मातीवर क्षारांचं पांढरं पुट चढतं. टाकीचं पाणी सौम्य. फक्त खाऱ्या पाण्याच्या टाकीचं किंवा माशांना औषध वा मीठ घातलेलं पाणी कुंडीत अजिबात नको, झाड हकनाक जाईल.

मेहनत सारखीच. तळाचा तपकिरी गाळ मी मातीत हलकेच मिसळते; वर तसाच राहिला तर वास येतो, चिलटं घोंगावतात.

मनी प्लांट, फर्न अशा पानांच्या झाडांना टाकीचं पाणी पुरतं. फुलझाडांना वाढीच्या दिवसांत सोबत पातळ केलेलं खत द्याच. मासे नसतील तर खतच घ्या, कुंड्यांसाठी टाकी पाळू नका.