दहाचा सेट नव्हे, तिसरी तार बदला: सहा महिन्यांचा अनुभव

कार्तिकी एकादशीच्या भजनात बुवांनी कोमल गंधारावरून मध्यमाची मींड घेतली आणि माझ्या गिटारनं ती तशीच्या तशी उचलली. बुवांनी मान वळवून बघितलं. म्हणून आज लिहायला बसलो.

आम्ही खानापूरकडचे. भजनाला काळी एक धरतात, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा सा. मग कोमल गंधार येतो तिसऱ्या तारेच्या नवव्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या नवव्या आडव्या पट्टीवर. माझ्या अ‍ॅकॉस्टिकवर बाराचा सेट होता, म्हणजे पहिली तार बारा हजारांश इंच जाड; आकडा लहान तशा तारा बारीक. मींडेसाठी दाबलेली तार बाजूला ओढून बोटाची साल निघायची, पण मध्यम काही गाठायचा नाही. गिटार अर्धा सूर उतरवून बघितली. ताण कमी झाला, पण सगळे सूर एकेक फ्रेट पुढे सरकले. चालत्या भजनात ते जमेना.

वैशाखात ऑनलाइन दहाचा सेट मागवला. खोक्यावर दहा, आत तारा बाराच्या! परत करायला गेलो तर विक्रेता म्हणतो, पाकीट फोडलंय. न फोडता कळणार कसं? तीन आठवडे भांडलो. ५८० रुपये गेले ते गेलेच. शेवटी बेळगावला जाऊन दुकानातून हातात घेऊन आणला.

पहिला महिना मी भेटेल त्याला सांगत होतो, दहाचाच घ्या. ते आता मागे घेतो. पहिली-दुसरी तार लोण्यासारखी, पण तिसरी जशीच्या तशी हट्टी. मग दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून आकडे वाचले. हजारांश इंचात पहिली तार १२ वरून १०, दुसरी १६ वरून १४, आणि तिसरी २४ वरून फक्त २३! ज्या तारेसाठी एवढा खटाटोप, तीच जवळजवळ तेवढीच जाड. वर ती गुंडाळलेली. आतली पोलादी तार बारीक, बाकी कांशाच्या गुंडाळीचं वजन. त्यामुळे बाजूला कितीही ओढा, सूर हळूहळूच चढतो.

मग इलेक्ट्रिक गिटारची सुटी १८ ची साधी तार तिसरीच्या जागी चढवली. साठ रुपये. थोडीशी ओढली की मध्यम हजर.

त्रास आहेत. नटची, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, खाच २३ साठी कापलेली, त्यामुळे मोकळी तार तंबोऱ्याला जवारी लावल्यासारखी झणझणायला लागली. वहीच्या कागदाची बारीक पट्टी खाचेत घातली, आवाज थांबला. ब्रिजवरचं हाड, म्हणजे दुसऱ्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी, तीही गुंडाळलेल्या तारेच्या मापाची, त्यामुळे साधी तार वरच्या फ्रेटवर दाबली की किंचित चढी लागते. मी ती मोकळी असताना केसभर उतरवून ठेवतो. माझा गंधार जुळला की मला पुरे. तुम्ही नुसते कॉर्ड वाजवत असाल तर या वाटेला जाऊ नका. सहा तारांत ही एकटी पातळ, पत्र्यासारखी ऐकू येते.

आणि आमचा पाऊस! आषाढात पहिली १८ ची तार गंजली, बोटांवर तांबूस रेघा उमटायच्या. तिच्या जागी घातलेली नवी मात्र वाजवून झालं की धोतराच्या जुन्या फडक्यानं खालून-वरून पुसतो, ती अजून चकचकीत आहे.

पुढच्या खेपेला १७ ची आणणार. नटच्या खाचेत कागदाची आणखी एक घडी घालावी लागेल तेवढी.