सिक्युरिटीची अप्रेंटिसशिप: शिकायला मिळतं, बूट मात्र स्वतःचे न्या

अख्खा उन्हाळा एजन्सीच्या बुटांत काढलाय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. जळगाव एमआयडीसीत एका डाळमिलच्या गेटवर शिकाऊ सुरक्षा रक्षक आहे. उंची 160 सेंमी, एक किलोमीटर सहा मिनिटांत वगैरे अटी सगळ्यांना पाठ आहेत, त्या सोडून देतो.

बुटांवर येतो. नियमात रक्षकाचा बूट लेसवाला हवा आणि शिट्टी दोरीसकट डाव्या खिशात. मान्य. पण सोल नुसता चिकटवलेला चालतो का? मे महिन्यात गेटसमोरचं डांबर तापलं आणि उजव्या बुटाने तोंड उघडलं. फेविक्विक दोन फेऱ्याही टिकलं नाही. अमळनेरकडचा एक ड्रायव्हर चलन देता देता म्हणतो, "भाऊ, तुना बूट हासी ऱ्हायना!" शेवटी मोच्याकडून शिलाई मारून घेतली, पन्नास रुपये गेले. आणि या बुटाचे एजन्सीने स्टायपेंडमधून नऊशे कापलेत! फुले मार्केटला चारशेत याच्यापेक्षा बरा बूट येतो. फिल्ड ऑफिसरचं उत्तर एकच: "अरे, तो युनिफॉर्ममध्ये धरलाय." करारात बुटांचा 'ब' नाही. कापल्याची पावती मागितली, ती अजून मिळतेय.

पैशाचं म्हणाल तर बारावीवर सात हजार ठरले. त्यातले पंधराशे सरकारचे, ते आधार जोडलेल्या खात्यात थेट पडतात. तेव्हा साडेपाचच आले म्हणून भांडायला जाण्याआधी ते खातं बघा. पीएफ नाही, कारण 1961 च्या कायद्यात अप्रेंटिस हा कामगार धरत नाहीत.

पसारा कायद्याच्या, म्हणजे खाजगी सुरक्षा एजन्सींच्या कायद्याच्या, नियमांत 100 तास वर्ग आणि 60 तास प्रत्यक्ष काम आहे. वर्गाला मी एकच स्टार देणार होतो. मग एका दुपारी मिलमागे तांब्याची वायर ओढताना एक पोरगा सापडला. सगळ्यांचं म्हणणं, शेठ नाशिकहून येईस्तोवर केबिनमध्ये कोंडा. वर्गात मात्र सांगितलं होतं की आपल्याला पोलिसाचे अधिकार नाहीत, साध्या नागरिकाएवढेच आहेत. आणि नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे पकडलेला माणूस उगाच वेळ न लावता, फार तर सहा तासांत पोलिसांकडे द्यावा लागतो. मी 112 लावला. सुपरवायझर दोन दिवस बोलला नाही, पण वर्गाचे स्टार तीन केले.

चौथा स्टार सुभेदार काकांचा. रिटायर्ड फौजी, आमच्याच शिफ्टला. रिकामी गाडी वजनकाट्यावर चढली की ते आधी केबिनचं दार उघडतात. क्लीनर रिकाम्या वजनाला आत बसला आणि भरलेल्या वजनाला खाली उतरला, तर त्याच्या वजनाइतकी डाळ कागदावर न येता बाहेर जाते. एकदा ताडपत्रीखाली झोपलेला क्लीनर त्यांनी माझ्यादेखत उठवला. हे पुस्तकात नव्हतं.

पाचवा स्टार बुटांमुळे कापला. एजन्सीने कापले तसेच.

करार संपत आलाय. पुढे कायम करू म्हणतात, पण बारा तासांच्या ड्युटीवर. आठ तासांवरच्या वेळेचा ओव्हरटाइम लेखी दिला तर सही करीन, नाहीतर दुसरी एजन्सी बघतो. भुसावळकडे कोणाला चांगला अनुभव असेल तर सांगा.