थायलंडमधली हत्तींची 'सँक्च्युअरी': नाव सोडा, वेळापत्रक वाचा

चियांग माई किंवा फुकेतला हत्तींसोबत अर्धा दिवस काढायचं तिकीट साधारण 1500 ते 3000 थाई बाटला पडतं. हॉटेलवरून ने-आण, जेवण आणि बहुतेक ठिकाणी हत्तीला भरवायची केळी त्यातच येतात. 'सँक्च्युअरी' हा शब्द आता कुठल्याही पाटीवर दिसतो, म्हणून बुकिंगच्या पानावरचं तासातासाचं वेळापत्रक बघा.

हौदा दिसला की विषय संपला. हत्तीच्या मणक्यांची टोकं वर आलेली असतात. लोखंडी बाक आणि दोन माणसांचं ओझं नेमकं त्यांच्यावर बसतं. सोंडेने चित्र काढणं, फुटबॉल खेळणं त्याच माळेतलं. पिल्लाला आईपासून तोडून, अरुंद खोड्यात बांधून, टोचून वठणीवर आणायच्या पद्धतीला तिथे 'फाजान' म्हणतात. ग्रुप टूरमध्ये असा शो असेल तर बुकिंगच्या वेळीच काढायला सांगा, बसमध्ये बसल्यावर सांगून उपयोग नसतो.

फसगत होते ती आंघोळीत. 'स्वारी नाही, फक्त मड स्पा आणि नदीत आंघोळ' हे ऐकायला निरुपद्रवी वाटतं. पण हत्ती पाण्यात जातो तो त्याच्या मर्जीने. दर तुकडीसाठी ठरल्या वेळी तो पाण्यात उतरत असेल, तर त्याला उतरवणारा अंकुश जवळपास असतोच, कधी माहुताच्या मुठीत लपवलेला खिळाही. शिवाय तुम्ही गुडघाभर चिखलात, पळायला जागा नाही आणि शेजारी तीन टनांचं जनावर. जानेवारी 2025 मध्ये को याओ याय बेटावर हत्तिणीला आंघोळ घालताना तिच्या धक्क्याने 22 वर्षांची स्पॅनिश विद्यार्थिनी दगावली. आंघोळ असलेल्या कार्यक्रमाला आमच्याकडून पाचपैकी दोनच.

जायच्या आधी पाहुण्यांनी टाकलेले ताजे फोटो मोठे करून बघा. पुढच्या पायाला साखळीचा वळ, कपाळावर आणि कानामागे बारीक गोल व्रण, पायाखाली सिमेंट: असं दिसलं तर ती जागा टाळा. जागच्या जागी डोलणारा हत्ती 'नाचत' नसतो, बांधून ठेवल्याने ती सवय जडते. 2025 मध्ये नांदणी मठाच्या माधुरी हत्तिणीवरून पेटलेला वाद ज्यांनी वाचला, त्यांना हत्तीच्या पायांबद्दल वेगळं सांगायला नको.

चांगला पर्याय म्हणजे माए ताएंगचं एलिफंट नेचर पार्क. चियांग माईपासून तासा-सव्वा तासाचा रस्ता, स्वारी नाही, आंघोळ नाही. जेवण शाकाहारी, ही आपल्याकडच्यांसाठी मोठीच सोय. 'फुकेत एलिफंट सँक्च्युअरी' ही जागाही लांबून बघण्याच्याच पद्धतीची. तक्रार एकच: हत्ती लांब असतात, लहान मुलं तासाभरात कंटाळतात. चांगल्या जागा आधीच भरतात, तेव्हा ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका. इतरत्र 'व्हेज' सांगूनही फिश सॉस पडतो. तिथे 'जे' म्हणायचं. त्यात मांस-मासे नसतात आणि कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे कांदा-लसूण टाळणाऱ्यांचंही भागतं.

तिथे पोहोचल्यावर हत्तीच्या मागे किंवा हत्तीण आणि पिल्लाच्या मध्ये उभं राहू नका. डोळा आणि कान यांच्या मधोमध काळपट ओघळ दिसला तर नर माजावर आहे, त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. केळ्यांची पिशवी खांद्याला लटकवू नका, सोंड पिशवीसकट ओढते.

प्रवास विम्यात प्राण्यांमुळे झालेली इजा वगळली आहे का, ते पॉलिसीच्या बारीक अक्षरात तपासा. रुग्णवाहिका 1669, पर्यटक पोलिस 1155.

महिना निवडताना फेब्रुवारी ते एप्रिल चियांग माई टाळा, शेतं-जंगलं पेटवल्याचा धूर दरीत कोंडतो. नोव्हेंबर उत्तम. मात्र त्याच महिन्यातल्या सुरिनच्या प्रसिद्ध हत्ती-मेळ्याच्या मोहात पडण्याआधी दूतावासाची सूचना बघा: जुलै 2025 मध्ये कंबोडियाच्या सीमेवर लढाई पेटली, तेव्हा टाळायला सांगितलेल्या प्रांतांत सुरिनही होता.